हातांची फुली

“ती खूण तुम्ही खोटी केलीत. तुम्ही. दुसरं कुणी नाही.”

ऑरिन टीग हे एका डब्याला म्हणाला. टेबलाच्या मधोमध ठेवलेला फोनचा काळा, चपटा, तीन पायांचा डबा. त्यावर वाटाण्याएवढा हिरवा दिवा. ज्याला बोलायचं तो माणूस खोलीत नव्हता. तो कधीच कुठल्या खोलीत नसायचा. एकोणतीस वर्षांत ऑरिनने त्याला चार वेळा पाहिलं होतं, त्यातही दोनदा पाठमोरं.



“मिस्टर टीग,” कुस्तीचे कार्यक्रम करणाऱ्या कंपनीची वकीलबाई मिस ब्रॉडी म्हणाली, “आपण इथं भांडायला जमलेलो नाही. तीन वाक्यांचं साधं निवेदन आहे. वाचा, सही करा, कॉफी घ्या.”

“वाचलंय. तुम्ही भांडायला आला नसाल, बाई. मी त्याच्यासाठीच अंघोळ करून आलोय.”

अमेरिकेतल्या नॉक्सव्हिलच्या विमानतळाजवळचं हॉटेल, ऑगस्टातली सकाळ, दहाचा सुमार. खोली इतकी गार ठेवलेली की बाईंनी खांद्यावर स्वेटर घेतलेला. ऑरिनने चर्चला जायचा तपकिरी कोट घातला होता आणि उजवा हात मांडीवर जपून ठेवला होता. त्या खांद्याची वाटी झिजली होती. कुस्तीच्या पंचाचं दुखणं हे. एक, दोन, तीन करत एकोणतीस वर्षं फळ्यांवर तळहात आपटला की दुसरं काय होणार?

कागदावर सहीच्या जागी पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती, म्हातारा माणूस चुकू नये म्हणून. पहिलं वाक्य: पंच या नात्याने मी केलेली खूण स्पष्ट नव्हती. दुसरं: त्यानंतर प्रतिस्पर्ध्याला पुढे जाण्याची सूचना मी माझ्या अंदाजाने दिली. तिसरं: पडद्यामागून मला कसलाही आदेश मिळाला नव्हता.

तीन वाक्यं आणि तिन्ही खोटी. बरं, नुसती खोटी असती तरी एक वेळ चाललं असतं. ऑरिनचा पिंडच खोट्यावर पोसलेला. पण या तीन वाक्यांवर लमार मेब्री या मल्लाची मान टांगलेली होती. ऑरिनने सही केली की लमारच्या बायकोच्या दाव्यात काही उरत नव्हतं. मग जे झालं ते एका झिजलेल्या पंचाच्या चुकीने झालं, कंपनीचा काही संबंध नाही, पुढचा कार्यक्रम ऑक्टोबरात, तिकीट खिडकी उघडी.

ही कुस्ती ठरवलेली असते हे जगाला माहीत आहे. नुरा कुस्ती म्हणा हवं तर. कोण जिंकणार ते दुपारी ठरतं आणि संध्याकाळी लोक त्याच्यासाठी घसा फोडून घेतात. महिन्यातून एक मोठा रविवार असतो, त्या दिवशी सगळ्या पट्ट्यांच्या, म्हणजे विजेतेपदाच्या, कुस्त्या. त्या बघायला लोक घरी टीव्हीवरसुद्धा वेगळे पैसे भरतात, शेजारीपाजारी गोळा करतात. राग खोटा, वैर खोटं, नावं खोटी. पण पडणं खोटं कसं करणार? लाकडी फळ्या, त्यावर बोटभर फोम, वर ताणलेलं कापड. त्यावर एकशेवीस किलोचा माणूस डोक्याइतक्या उंचीवरून पाठीवर आदळतो. ते ज्याला खोटं वाटतं त्याने एकदा स्वयंपाकघराच्या ओट्यावरून उताणं पडून बघावं.

म्हणून या धंद्यात हाताला मान फार. कपडे बदलायच्या खोलीत शिरलं की एकूण एक माणसाशी हात मिळवायचा, आणि तो हलका मिळवायचा, आजारी माणसाचा हात धरावा तसा. घट्ट दाबणारा नवखा समजावा. हलका हात म्हणजे वचन: आज मी तुला जपून फेकीन, तू मला जपून फेक. रिंगमध्ये कुणी वाईट पडला की पंच वाकतो, ओरडल्यासारखं करतो आणि गुपचूप त्याचा हात दाबतो. त्याने उलट दाबला की ठीक आहे, पुढे चला.

आणि उलट दाबला नाही तर फुली.

पंचाच्या कानात एक बारीक यंत्र असतं. पडद्यामागे टीव्हीच्या सहा पडद्यांसमोर बसलेला तो माणूस त्यातून बोलतो. ‘ऑरिन, ऐक. चार मिनिटं राहिली.’ ‘ऑरिन, ऐक. पोराला सांग, आता उडी.’ कानात पडलं की पंचाने ते मल्लाच्या कानात टाकायचं, ओठ न हलवता. ऐकायची सोय आहे, बोलायची नाही. पंचाला वर काही कळवायचं असलं तर त्याच्याकडे शब्द एकच: दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटांची फुली. म्हणजे, हे खरं आहे. खेळ थांबवा, डॉक्टर पाठवा. एवढी एकच खरी गोष्ट त्या चौकोनात होती. ऑरिनने ती एकोणतीस वर्षांत सहा वेळा वापरली, आणि सहाही वेळा त्याचे हात खाली यायच्या आत डॉक्टर दोराखालून आत आला होता.

सातव्या वेळी जे झालं ते एप्रिलमध्ये, लुइव्हिलला.

त्या दुपारी त्याला सांगण्यात आलं की लमारच्या कुस्तीत लमार खोटाच जबर जखमी होणार आणि ऑरिनने फुली दाखवायची. ऑरिनला वाटलं, निरोप आणणाऱ्याचं डोकं फिरलंय. तो सरळ पडद्यामागे गेला. तो माणूस खुर्चीत होता, पाठ ऑरिनकडे.

“साहेब, फुली नको. बाकी सांगाल ते करतो. चड्डीवर नाचतो.”

“का रे?”

“ती आपली नाही. पोरांची आहे.”

“लोकं शहाणी झालीत, ऑरिन. इंटरनेटवर बसून सगळी उकल करतात. त्यांना आता एकच गोष्ट खरी वाटते, तुझी फुली. म्हणून मला तीच पाहिजे.”

“आणि उद्या खरंच कुणाची मान गेली म्हणजे?”

“तेव्हा दुसरं काहीतरी कर. हुशार माणूस आहेस.” खुर्ची वळलीही नाही. “त्या चौकोनात आहे ते सगळं माझं आहे. दोर माझे, फळ्या माझ्या, तुझ्या अंगावरचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्टसुद्धा माझा.”

ऑरिनने तेव्हाच तो शर्ट काढून त्याच्या मांडीत टाकायला हवा होता. टाकला नाही. का नाही टाकला? त्याला आजतागायत चांगलं कारण सापडलेलं नाही. नाही म्हणायची सवय नव्हती, एवढंच. संध्याकाळी त्याने हात वर केले. सोळा हजार माणसं एका क्षणात चिडीचूप झाली. चर्चमध्ये होत नाही अशी शांतता. डॉक्टर स्टेंगल खोटा धावला, खोटं स्ट्रेचर आलं, टीव्हीवर बोलणाऱ्यांनी गळे दाटल्याचं नाटक केलं.

लमारच्या बायकोला कुणी सांगितलंच नव्हतं. लमारलाही दम भरला होता, घरी बोलायचं नाही, बातमी फुटते. रेनी मेब्री व्हर्जिनियाच्या खाणपट्ट्यातल्या तिच्या घरी टीव्हीसमोर बसली होती. ती तशीच उठली आणि चार तास गाडी मारत लुइव्हिलला आली. टीव्हीवर नाव घेतलेल्या हॉस्पिटलात लमार मेब्री नावाचा पेशंटच नाही म्हटल्यावर तिला वाटलं, तो शवागारात असेल. मग ती स्टेडियमच्या मागच्या दाराशी पोचली. लमार आत खोक्यावर बसून कोंबडीची तंगडी खात होता. तिने त्याच्या हातातली तंगडी उडवली, कानफटात दिली आणि मग ऑरिनकडे वळली.

“तुम्हीसुद्धा, ऑरिन?”

एवढंच. लमारला मार तरी मिळाला. ऑरिनला तेही नाही.

घरी फेयने, त्याच्या बायकोने, दोन दिवस विषय काढला नाही. ती शाळेची बस चालवायची. तिसऱ्या दिवशी सकाळी किल्ली हातात घेऊन दारात थांबली.

“माझ्या बसला मागे लाल दिवे आहेत. ते लागले की मागच्या सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबतात, पोरं रस्ता ओलांडतात. मी ते एक दिवस गंमत म्हणून लावले तर काय होईल, सांग बरं.”

“फेय, मी नोकर माणूस आहे.”

“मीही नोकरच आहे की.” ती निघून गेली.

जुलैचा मोठा रविवार कॅन्सस सिटीला होता. लमार एक्केचाळीस वर्षांचा, एकोणीस वर्षं रिंगमध्ये, आणि कमरेला मोठा पट्टा एकदाही नाही. त्याचा बाप, आजा खरेच कोळशाच्या खाणीत उतरलेले. तोही खाणकामगाराच्या वेषात यायचा. सगळे दिवे मालवायचे आणि अंधारात फक्त त्याच्या हेल्मेटवरचा दिवा हलत हलत रिंगकडे यायचा. या वेळी पट्टा तुला, असं त्याला दोन आठवड्यांपूर्वी सांगितलेलं. रेनीने घरी चर्चमधल्या बायकांना बोलावलं होतं. केकवर पट्टा काढून घेतला होता.

चार वाजता निरोप आला: बदललंय, पट्टा काइलकडेच राहणार.

काइल डनलेवी सव्वीस वर्षांचा, देखणा पोरगा, सध्याचा विजेता. स्वभावाने गरीब. तो बिचारा लमारकडे तोंड लपवत आला. “मला आत्ताच कळलं, मिस्टर मेब्री. आईशप्पथ.”

“तुझ्यावर कोण चिडलंय, पोरा? बस, जेव.” लमारने ताटलीतले वाल चिवडले. मग निरोप आणणाऱ्याकडे बघून मोठ्याने म्हणाला, “वर सांग त्याला, आज लमार पडला की पडूनच राहणार आहे. उठणारच नाही. ऑरिन, तू घाल रे माझ्यावर फुली, लोक निदान टाळ्या तरी वाजवतील!”

सगळे हसले. ऑरिनसुद्धा हसला. निरोप आणणाऱ्याने ते जसंच्या तसं वर पोचवलं, कारण वर पोचवणं हेच त्याचं काम. एका रुसलेल्या माणसाची जेवताना केलेली चेष्टा.

रिंगमध्ये जायच्या आधी लमारने ऑरिनशी हात मिळवला. हलका, कापसासारखा.

“रेनीला फोन केलास? हरणार म्हणून?”

“नाही केला. केक कापू दे तिला आधी.”

अठराव्या मिनिटाला ते झालं. कुणाची चूक नव्हती. काइलने त्याला उचलून मागे फेकलं, रोजचाच डाव. पण काइलच्या पावलाखाली कापड घामाने ओलं होतं. अर्ध्या वितीचा फरक. लमार पाठीवर पडायचा तो डोक्यावर पडला आणि पालथा झाला. ऑरिनने तो आवाज ऐकला. फळ्यांचा नव्हता तो.

तो गुडघ्यावर बसला, नेहमीसारखा ओरडला आणि लमारचा हात दाबला. काही नाही. पुन्हा दाबला.

कापडात तोंड घुसलेला लमार अगदी साध्या आवाजात म्हणाला, “ऑरिन, मला माझे हात सापडत नाहीयेत.”

ऑरिनने फुली दाखवली.

एप्रिलात सोळा हजार माणसं गप्प झाली होती. जुलैत वीस हजार हसली. खरोखर हसली. मग टाळ्यांच्या ठेक्यावर सुरू झालं: “खो-टं! खो-टं! खो-टं!” लेकराबाळांनी सुद्धा ठेका धरला. शिकवलं कुणी त्यांना?

पडद्याच्या फटीत डॉक्टर स्टेंगल पेटी घेऊन उभा होता. ऑरिनला तो दिसत होता. डॉक्टरची मान मागे वळलेली, खुर्चीकडे. तो विचारत होता: जाऊ का? डॉक्टर! फुली समोर असताना विचारत होता, ही खरी आहे का.

कानात आवाज आला. “ऑरिन, ऐक. फुली कुणी सांगितली? हात खाली.”

ऑरिनने हात आणखी वर नेले.

“लमारला सांग, दुपारी ठरलं ते ठरलं. रुसवेफुगवे घरी. ऊठ म्हणावं.”

ऑरिन नुसती मान हलवत राहिला, नाही, नाही, नाही, त्या सहा पडद्यांपैकी एकात तरी दिसेल म्हणून. उजवा खांदा पेटला होता. हात थरथरायला लागले, तर पुढच्या रांगेतला एक बुवा ओरडला, “वा म्हाताऱ्या! काय काम करतोस!”

काइल कोपऱ्यात पांढराफटक होऊन उभा होता. हळूच जवळ आला. “मिस्टर ऑरिन, काय करू? मी काय करू?”

आणि कानात: “ऑरिन, ऐक. वेळ संपतेय. काइलला सांग, उलटा करून चीत कर. मोज आणि संपव.”

आता इथे ऑरिनने जे केलं ते त्याने पुढे कुणापासून लपवलं नाही. कानातून आत गेलेलं तोंडातून बाहेर आलं. एकोणतीस वर्षं तेच केलं होतं, डोकं मध्ये यायला वेळच मिळाला नाही. ओठ न हलवता तो म्हणाला, “उलटा करून चीत कर.”

काइलने लमारच्या खांद्याखाली हात घातला आणि त्याला उताणा केला. जपून केला, दूध प्यायलेलं लेकरू फिरवावं तसा. पण मान शरीराच्या मागून आली. जरा उशिरा आली. लमारचे डोळे ऑरिनच्या डोळ्यांना भिडले आणि तिथेच थांबले.

एक. दोन. तीन. हात ऑरिनचाच होता.

घंटा वाजली, पट्टा काइलच्या हातात आला, झिरमिळ्या उडाल्या. कुस्ती संपली तेव्हा कुठे डॉक्टर बाहेर निघाला. फुली दिसल्यापासून तोवर दोन मिनिटं वीस सेकंद गेली होती. ऑरिनला घड्याळ लागत नाही, मोजणं हा त्याचा धंदा. कोपऱ्यातल्या खांबावर लमारचं हेल्मेट टांगलेलं होतं, त्यावरचा दिवा जळतच होता. कुणाला विझवायचं सुचलं नाही.

आणि तिकडे घरी रेनी काय करत होती? तिने टीव्हीवर ऑरिनचे हात वर गेलेले पाहिले आणि ती कमरेवर हात ठेवून हसली. “या वेळी नाही हो फसायची मी!” बायकाही हसल्या. आता फोन करून करून लोक भंडावतील म्हणून तिने फोनची वायर काढून ठेवली. आणि केक कापला.

हॉस्पिटलच्या बोळातून ऑरिनने तिला अकरा वेळा फोन लावला. मग फेयला लावला. फेयने गाडी काढली आणि तासभर डोंगरातला रस्ता चढून रेनीचं दार वाजवलं. बायका अजून बसल्या होत्या. दारात फेयला बघून रेनी आधी म्हणाली, “अगं ये ये, केक उरलाय,” आणि मग तिने फेयचं तोंड नीट पाहिलं.

“ऑरिन, ऐक,” डबा म्हणाला.

खोलीतला ऑरिन दचकला. तोच आवाज, तेच दोन शब्द. पाठ आपोआप ताठ झाली. स्वतःच्याच पाठीची त्याला शिसारी आली.

“लमार आपल्या घरचा माणूस आहे. त्याचं सगळं आम्ही बघू. पण त्या यंत्रात आवाज नीट पोचत नाही, गर्दी होती, तू चुकीचं ऐकलंस. होतं असं. तुझं वयही झालंय. सही कर, ऑक्टोबरात परत ये, मोठ्या रविवारी तुझा सत्कार करू.”

“लमारला भेटलात?”

“फुलं पाठवली.”

“त्याला धरता येत नाहीत ती.”

मिस ब्रॉडीने पेनाचं टोपण काढलं, लावलं.

“बाई, लिहून घ्या,” ऑरिन म्हणाला. “काइलला चीत कर म्हणून मी सांगितलं. माझ्या तोंडाने. तीन मी मोजले, माझ्या हाताने. एप्रिलमधली खोटी फुलीही माझीच. त्याचं जे व्हायचं ते माझं होऊ द्या, रेनीसमोर मी उभा राहीन, कोर्टात उभा राहीन, काही झाकणार नाही. पण माझ्या वाट्याचं तेवढंच. जे माझं नाही ते माझ्या सहीखाली सरकवू नका.” त्याने कागद उलटा केला आणि पिवळ्या चिठ्ठीसकट तिच्याकडे सरकवला. “त्या दिवशीच्या टेपवर माझे हात वर गेले की लगेच गर्दीचं चित्र आहे. दोन मिनिटं वीस सेकंद नुसती गर्दी. कॅमेरा फिरवला कुणी? कानात बोललेलं म्हणे साठवून ठेवत नाहीत. पोरांच्या घामाचे टॉवेल विकता तुम्ही, चौकटीत घालून, आणि हे साठवत नाही?”

“मिस्टर टीग, आवाज—”

“आवाजाचं काढू नका, बाई. एकोणतीस वर्षं मी आवाजच ऐकतोय.”

गेल्या मंगळवारी तो अटलांटाच्या हॉस्पिटलात जाऊन आला होता. तिथं लमारला उभ्या पलंगावर बांधून रोज दहा मिनिटं सरळ करतात, उभं राहायची शरीराला आठवण राहावी म्हणून. ऑरिनने सवयीने त्याचा हात हातात घेतला. हलका होता. आता कायमचा हलका. दाबायचं धाडस ऑरिनला झालं नाही.

“काइलला सांग, त्याची चूक नाही,” लमार म्हणाला. “पोरगं रोज फोन करून रडतं, रेनीला ताप झालाय.” मग त्याने डोळे ऑरिनकडे वळवले. “ऑरिन, तू फुली दाखवलीस ना? माझं तोंड खाली होतं. मला दिसलं नाही.”

“दाखवली.”

“मग कुणी का आलं नाही?”

त्याला तिथे काय सांगायचं होतं? एक साधा प्रश्न, एका माणसाने दुसऱ्याला विचारलेला. आणि उत्तर ज्याच्याकडे, तो तीन पायांच्या डब्यात बसलेला.

आता इथे, टेबलापाशी, ऑरिन खुर्ची मागे सारून उभा राहिला. डावा हात सहज वर गेला. उजवा खांद्याशी अडला, त्याने दात आवळले आणि तो ओढून वर नेला. डोक्यावर मनगटाला मनगट भिडलं. तपकिरी कोट बगलेत उसवला.

“मिस्टर टीग, प्लीज बसा.”

“लमारने विचारलंय,” ऑरिन डब्याला म्हणाला. “सहा पडदे होते तुमच्यासमोर. फुली दिसली होती की नाही?”

डब्यातून नुसती खरखर.

“हो की नाही?”

“मिस्टर टीग, ते फोनवर आहेत,” मिस ब्रॉडी हळूच म्हणाली. “त्यांना दिसत नाहीये तुम्ही काय करताय ते.”

“मग तुम्ही सांगा.”

ती ऑरिनकडे बघत राहिली. त्याच्या कपाळावर घाम आला होता त्या गारठ्यातही. तिने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग डब्याशी वाकली. ओठ फारसे न हलवता, जणू तिच्या हातून काही सांडत होतं, अशा आवाजात ती म्हणाली, “सर... त्यांनी हात वर केलेत. फुली.”

खरखर थांबली. हिरवा दिवा तसाच होता. तो माणूस तिथेच होता, ऐकत होता.

“आता कळलं ना?” ऑरिन म्हणाला. “बोला. कुणी का आलं नाही?”